शाळेत समुपदेशक हवा, पण मागायचा कशाच्या जोरावर? बिहारच्या ७४ शाळांनी आकड्यांत दिलेलं उत्तर

ग्रामसभेत शाळेचा विषय निघाला की चर्चा ठरलेली असते. पत्रे गळतात, वॉल कंपाउंड पडलंय, मुलींच्या शौचालयाला पाणी नाही. या गोष्टी डोळ्यांना दिसतात, मोजता येतात, त्यांचं अंदाजपत्रक निघतं. पण नववीतली मुलगी दिवाळीनंतर शाळेत गप्प बसते, किंवा एखादा मुलगा रोज डबा खायच्या सुट्टीत मार खातो आणि घरी सांगत नाही, याचं अंदाजपत्रक कोण काढणार? म्हणूनच "शाळेला समुपदेशक द्या" ही मागणी कुणी केलीच, तर "बघू" एवढ्यावर ती थांबते. त्याने नेमका फायदा काय होतो, हा प्रश्न अधिकारी विचारतात आणि गावाकडे उत्तर नसतं.

उत्तर मात्र आहे, आणि ते परदेशातल्या पॉश शाळांमधून आलेलं नाही. बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यातल्या साध्या सरकारी माध्यमिक शाळांमध्ये ते शोधलं गेलं. हे काम गोव्यातल्या 'संगत' या संस्थेनं केलं. मानसिक आरोग्यावर काम करणारी ही संस्था १९९६ पासून आहे. अभ्यासाचं नाव 'सेहेर'. त्याचा निकाल डिसेंबर २०१८ मध्ये 'द लॅन्सेट' या जगभर मानल्या जाणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पहिले लेखक सचिन शिंदे, आणि संशोधक गटात 'संगत'च्या संस्थापकांपैकी एक डॉ. विक्रम पटेल.

समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे

आधी एक गैरसमज बाजूला करावा लागेल. समुपदेशन या शब्दात 'उपदेश' आहे, त्यामुळे गावात अनेकांना वाटतं की कुणीतरी शहरातून येऊन मुलांना दोन तास भाषण देणार. वर्षातून एकदा असं भाषण होतंही. फोटो काढला जातो, ग्रुपवर टाकला जातो, संपलं.

समुपदेशकाचं खरं काम ऐकण्याचं आहे. मूल जे सांगतंय ते मध्ये न तोडता ऐकायचं, त्याची अडचण नेमकी कुठे आहे ते त्याच्यासोबत शोधायचं, आणि पुढचं पाऊल त्यालाच ठरवायला मदत करायची. अडचण मोठी असेल तर डॉक्टरांकडे किंवा योग्य यंत्रणेकडे पोचवायचं. 'डोकं फिरलेल्या पोरांसाठी' ही सोय असते हा दुसरा गैरसमज. परीक्षेची भीती, घरातली भांडणं, छेडछाड, रंगावरून चिडवणं, शाळा सोडण्याचा दबाव, लवकर लग्नाची बोलणी, या सगळ्यांत मुलाला कुणीतरी मोठं माणूस लागतं जे मार्क देत नाही आणि छडीही उगारत नाही.

नालंदात नेमकं काय केलं

जिल्ह्यात अशा चाचणीला योग्य ठरतील अशा ११२ शाळा होत्या. त्यातून चिठ्ठ्या टाकल्यासारख्या ७५ निवडल्या आणि त्यांचे तीन गट केले, प्रत्येकी २५ शाळांचे. कोणती शाळा कोणत्या गटात, हेही नशिबावरच सोडलं. मुख्याध्यापकाची ओळख, आमदारांचं पत्र, शाळेचा निकाल, कशाचाही त्यात हात नाही.

पहिल्या गटातल्या प्रत्येक शाळेत एक पूर्णवेळ माणूस नेमला. त्याला 'सेहेर मित्र' म्हणत. हा मानसोपचारतज्ज्ञ नव्हता. साधाच माणूस, पण या कामासाठी प्रशिक्षण दिलेला आणि ज्याच्या कामावर वरून देखरेख आहे असा. दुसऱ्या गटात तेच काम, तोच कार्यक्रम, पण तो करायचा शाळेतल्याच एका शिक्षकानं. तिसऱ्या गटात नवीन काही नाही. जीवनकौशल्यांचे वर्ग मात्र तिन्ही गटांत सारखेच चालू होते. पुढे शिक्षकांच्या गटातली एक शाळा बाहेर पडली आणि ७४ उरल्या.

'मित्र' काय करायचा? परिपाठाच्या वेळी एखाद्या विषयावर बोलायचा. भित्तिपत्रक काढायचा, त्यात मुलांचं लिखाण लावायचा. मुलांचे गट बांधायचा. शाळेत एक पेटी ठेवलेली असे, तिच्यात कुणीही आपली अडचण किंवा तक्रार लिहून टाकावी, नाव घालून किंवा न घालता. त्या चिठ्ठ्यांवर खरोखर काहीतरी केलं जायचं. आणि ज्याला एकट्यानं बोलायचंय त्याच्याशी एकट्यानं बोलणं.

पेटी आपल्याकडेही आहे. महाराष्ट्रातल्या शाळांना तक्रारपेटी लावण्याचे आदेश आहेत आणि बऱ्याच शाळांच्या भिंतीवर ती दिसतेही. कुलूप गंजलेलं. शेवटची कधी उघडली होती, हा प्रश्न पालकसभेत विचारून बघण्यासारखा आहे.

तीन गट कशाला? शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको

समजा एका शेतकऱ्यानं यंदा सोयाबीनवर नवीन औषध मारलं आणि उतारा एकरी दोन क्विंटलनं वाढला. औषध भारी, असं कंपनीचा माणूस म्हणणारच. पण यंदा पाऊसही वेळेवर पडला होता. बियाणंही बदललं होतं. मग वाढ कशामुळे? हे कळायला त्याच रानात, त्याच मातीत एक पट्टा औषध न मारता ठेवावा लागतो. कृषी सहायक प्रात्यक्षिक प्लॉट घेतात तेव्हा शेजारी साधा प्लॉट ठेवतात तो याचसाठी. दोन पट्ट्यांमधला फरक, तोच औषधाचा खरा हिशेब.

शाळेचंही असंच आहे. समुपदेशक आला आणि वर्षभरात भांडणं कमी झाली, तर श्रेय त्याचंच असेल असं नाही. दांडगाई करणारी दहावीची बॅच पास होऊन गेली असेल. कडक मुख्याध्यापक बदलून आले असतील. म्हणून नालंदात काही न केलेल्या २५ शाळा हा साधा पट्टा होता. आणि चिठ्ठ्या टाकल्यामुळे चांगली जमीन एकाच गटाच्या वाट्याला आली असंही म्हणता येत नाही.

सुरुवातीला नववीच्या १३,०३५ मुलामुलींकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या. आठ महिन्यांनी पुन्हा, तेव्हा १४,४१४ जणांनी उत्तरं दिली. एवढ्या संख्येत एखाद्या वर्गाच्या मूडनं निकाल इकडचा तिकडे होत नाही.

आकडे काय म्हणाले

मुख्य मोजमाप होतं शाळेच्या वातावरणाचं. म्हणजे मुलाला शाळेत सुरक्षित वाटतं का, शिक्षक आपलं ऐकतात असं वाटतं का, मुलांचं आपसात कसं आहे, शाळेच्या कामात आपल्याला जागा आहे का. अशा प्रश्नांचे मिळून शून्य ते २८ गुण. आठ महिन्यांनंतर 'मित्र' असलेल्या शाळा साध्या शाळांच्या सरासरी ७.५७ गुणांनी पुढे होत्या. २८ पैकी साडेसात, हा फरक थोडाथोडका नाही. असे फरक मोजायची संशोधकांची एक पट्टी असते, तिच्यावर ०.८ च्या वर गेलं की 'मोठा परिणाम' म्हणतात. इथे तो १.८८ आला.

उदासीनता मोजायला नऊ प्रश्नांची एक चाचणी जगभर वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस मन लागलं नाही, झोप आली नाही, आपण वाया गेलो असं वाटलं, असे प्रश्न. कमाल गुण २७, आणि जितके जास्त तितका त्रास जास्त. 'मित्र' असलेल्या शाळांत ही सरासरी १.२३ नं खाली होती. ऐकायला लहान आकडा वाटेल. पण ही सरासरी सगळ्या मुलांची आहे, आणि बहुतेक मुलं मुळात बरीच असतात. सगळ्या गावाचं सरासरी वजन एक किलोनं उतरलं, तर ज्यांचं वजन जास्त होतं त्यांचं चांगलंच उतरलेलं असू शकतं, तसं काहीसं.

मारामारीचा आकडा जास्त बोलका आहे. मार खाणारी आणि न खाणारी मुलं यांचं प्रमाण काढलं तर 'मित्र' असलेल्या शाळांत ते साध्या शाळांच्या ०.६२ पट होतं. समजण्यापुरतं असं धरा: साध्या शाळेत मार न खाणाऱ्या दर १०० मुलांमागे ५० मार खाणारी असतील, तर 'मित्र' असलेल्या शाळेत ती ३१ च्या आसपास. दुसऱ्याला मारणाऱ्यांचं प्रमाणही ०.६८ पट. चिडवणं-छळणं कमी झालं. मुलगा-मुलगी समानतेबद्दलची मतं थोडी सुधारली, शरीराबद्दलची माहिती थोडी वाढली. या शेवटच्या दोन गोष्टींत सुधारणा लहान होती.

शिक्षकांच्या शाळांत काय झालं?

हाच या सगळ्या अभ्यासातला सगळ्यात कामाचा भाग आहे, आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही.

तोच कार्यक्रम शिक्षकानं चालवलेल्या शाळांचा निकाल साध्या शाळांइतकाच आला. वातावरणाच्या गुणांत फरक होता ०.००९, तोही उणे बाजूला. म्हणजे शून्यच. प्रशिक्षण देऊन, पुस्तिका देऊन, पेटी लावून, भित्तिपत्रक काढून, शून्य.

यात शिक्षकांचा दोष काढायला कुणी बसलं असेल तर त्यानं जरा थांबावं. माध्यमिक शाळेतल्या एका सरांचा दिवस बघा. सहा-सात तास शिकवणं. त्यात कुणी रजेवर असेल तर त्याचा वर्ग. ऑनलाइन माहिती भरणं, शिष्यवृत्तीचे फॉर्म, पोषण आहाराचा हिशेब, निवडणूक आली की त्याचं काम. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नं जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच बाहेरची कामं शिक्षकांना देता येतात, पण कागदी कामांचा ढीग त्या कलमात मोजलेलाच नाही. अशात मधल्या सुट्टीत एखादी मुलगी येऊन दाराशी घुटमळली, तर तिच्याकडे बघायला वेळ असणार कुठून?

दुसरी गोष्ट त्याहून खोल आहे. जे सर गणितात नापास करू शकतात, वडिलांना बोलावून घेऊ शकतात, ज्यांच्या हातात दहावीचे तोंडी गुण आहेत, त्यांच्यापुढे पोरगं मन मोकळं करेल का? काही शिक्षक असे असतात ज्यांच्याजवळ मुलं रडतातही. ते भाग्य. पण अपवादावर योजना चालत नाही.

आपल्याकडे कोणतीही नवीन गोष्ट आली की ती शिक्षकांच्या गळ्यात टाकायची सवय आहे. एक दिवसाचं प्रशिक्षण, एक नोडल शिक्षक, एक रजिस्टर. नालंदाचे आकडे सरळ सांगतात की समुपदेशनात हे चालत नाही. उद्या गावाच्या मागणीवर "तुमच्याच एका सरांना ट्रेनिंग देतो" असं उत्तर आलं, तर त्या उत्तराची परीक्षा आधीच झालेली आहे आणि त्यात ते नापास झालंय.

एका वर्षाचा बुडबुडा तर नव्हता?

ही शंका रास्त आहे. नवं नवं असताना सगळंच चांगलं चालतं. म्हणून संशोधकांनी कार्यक्रम दुसऱ्या वर्षीही चालू ठेवला आणि १७ महिन्यांनी पुन्हा मोजलं. तो निकाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. 'मित्र' असलेल्या शाळांतला परिणाम टिकला होता, उलट वाढला होता. शिक्षकांच्या शाळांत तेव्हाही काही हाती लागलं नाही.

मर्यादाही सांगायला हव्यात. सगळी उत्तरं मुलांनी स्वतः भरलेली आहेत. आपल्या शाळेत कोणता कार्यक्रम चालू आहे हे मुलांना माहीत होतं, त्यामुळे थोडं गोड लिहिलं गेलं असेल. पण गोडच लिहायचं असतं तर शिक्षकांच्या शाळांतल्या मुलांनीही लिहिलं असतं. तिथे शून्य आलं, यावरून बाकीच्या आकड्यांवर विश्वास वाढतो.

आपल्या शाळेत काय मोजायचं

नालंदासारखा अभ्यास गावाला करता येणार नाही, करायची गरजही नाही. पण ज्या शाळेत समुपदेशक आहे, किंवा एखादी संस्था आठवड्यातून दोन दिवस येते, तिथे ते काम टिकवायचं असेल तर हिशेब ठेवावा लागेल. आणि जिथे नाही तिथे मागण्यासाठी.

अमेरिकेत शाळेतल्या समुपदेशकांची मोठी संघटना आहे. २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा, असं ती सांगते. तिथेही निधी कापायची वेळ आली की समुपदेशकावर पहिली नजर जाते, म्हणून आपल्या कामाचा पुरावा मांडायची तिथल्या लोकांनी एक रीत बसवली. पुरावा तीन पायऱ्यांचा: काय काम केलं, त्यानं मुलांना काय वाटलं किंवा कळलं, आणि शेवटी बदललं काय. आपल्याकडचे बहुतेक अहवाल पहिल्या पायरीवरच संपतात. "४२ सत्रे घेतली, १,२०० विद्यार्थ्यांना लाभ." हे वाचून कळतं फक्त एवढंच की कुणीतरी बोललं आणि कुणीतरी बसून होतं.

तिसऱ्या पायरीची माहिती शाळेच्या कपाटात आधीच पडून आहे. हजेरीपट. जनरल रजिस्टर. दाखले दिल्याची नोंद. शाळेची माहिती दरवर्षी यू-डायसवर जाते तीच. नवीन सॉफ्टवेअर लागत नाही, वही-पेन पुरतं.

हजेरीचंच घ्या. नववीत ४० मुलं, महिन्यात शाळा भरली २४ दिवस. म्हणजे एकूण ९६० हजेऱ्या व्हायला हव्यात. त्यातल्या ८६४ झाल्या. हजेरी ९० टक्के, छान. पण बुडालेल्या ९६ हजेऱ्या कुणाच्या? ४० मुलांनी दोन-तीन दिवस बुडवले असतील, कुणाला ताप, कुणाकडे लग्न. किंवा ३६ मुलं रोज आली असतील आणि चार मुली महिनाभर आल्याच नसतील. चार गुणिले चोवीस, तेही ९६ च. टक्केवारी दोन्हीकडे तीच. पहिल्या वर्गाला समुपदेशकाची घाई नाही. दुसऱ्या वर्गात चार मुली शाळेतून निसटत चालल्यात आणि अहवालात 'छान' लिहिलंय.

म्हणून सरासरी हजेरीपेक्षा एक वेगळा आकडा काढावा: दहा टक्क्यांहून जास्त दिवस गैरहजर असलेली मुलं किती. अमेरिकेतल्या बऱ्याच शाळा हीच खूण वापरतात. आपल्याकडे सहावी ते आठवीला वर्षात किमान २२० दिवस शाळा भरायला हवी, म्हणजे बावीस दिवसांहून जास्त गैरहजेरी ही धोक्याची घंटा. महिन्याच्या हिशेबात तिसरा दिवस बुडला की नाव खूण करून ठेवायचं. समुपदेशक अशा किती मुलांना भेटला आणि त्यातली किती पुन्हा नियमित झाली, हा खरा हिशेब.

याशिवाय सातवी, आठवी आणि दहावीनंतर किती मुलींनी दाखला नेला आणि पुढे कुठे नावच नोंदवलं नाही, हे दरवर्षी मोजण्यासारखं आहे. आणि वर्षातून दोनदा, नाव न लिहिता, मुलांना चार साधे प्रश्न: शाळेत यायला भीती वाटते का, गेल्या महिन्यात कुणी मारलं का, त्रास झाला तर सांगता येईल असं शाळेत कुणी आहे का, असे. जून संपताना एकदा आणि मार्चच्या आधी एकदा.

आकडे फसवतात ते असे

ऊसतोडीला जाणाऱ्या गावांत दिवाळीनंतर हजेरी कोसळते. जूनमध्ये समुपदेशक आला आणि नोव्हेंबरमध्ये आकडा पडला, म्हणजे तो फेल गेला असं नाही. तुलना जूनशी करायचीच नाही. गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरशी करायची, आणि जमलं तर शेजारच्या गावातल्या तशाच शाळेशी, जिथे समुपदेशक नाही. तोच आपला साधा पट्टा.

लहान आकड्यांवर उड्या मारू नयेत. गेल्या वर्षी तीन मुलांनी शाळा सोडली, यंदा एकानं. "गळती ६७ टक्क्यांनी घटली" अशी बातमी होऊ शकते, पण दोन मुलांच्या फरकावर काहीच सिद्ध होत नाही. केंद्रातल्या सगळ्या शाळांचे आकडे एकत्र केले तर अर्थ निघतो. हे काम केंद्रप्रमुखांच्या बैठकीत अर्ध्या तासात होण्यासारखं आहे.

आणि सगळ्यात चकवणारी गोष्ट: समुपदेशक आल्यावर पहिले काही महिने तक्रारी वाढतात. पेटीत आधी वर्षाला एक चिठ्ठी यायची, आता महिन्याला दहा येतात. मग शाळा म्हणते, हा माणूस आला आणि भांडणं वाढली. भांडणं आधीही होती, ऐकणारं कुणी नव्हतं. गावात नवीन दवाखाना उघडला की रुग्णांची नोंद वाढते, म्हणून कुणी दवाखान्यामुळे आजार आला म्हणत नाही. अशा वेळी चिठ्ठ्यांची संख्या आणि निनावी प्रश्नावलीतला 'गेल्या महिन्यात मार खाल्ला' हा आकडा शेजारी ठेवावा. चिठ्ठ्या वाढल्या आणि मार कमी झाला, तर काम नीट चाललंय. चिठ्ठ्याच बंद झाल्या तर खूश होण्याआधी पेटी उघडून बघावी, आणि समुपदेशकाचं मुलांशी कसं आहे तेही.

नाव बाहेर गेलं तर सगळं गेलं

हिशेब ठेवायचा तो संख्येचा. कोणती मुलगी कशासाठी आली, हे समुपदेशकाच्या वहीत कुलपात राहिलं पाहिजे. ते मुख्याध्यापकांच्या टेबलावर नको, पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच नको. लहान गावात नाव न घेताही माणूस ओळखू येतो. "आठवीतल्या एका मुलीला घरगुती त्रास" एवढं लिहिलं की अर्ध्या वस्तीला कळतं कोण. म्हणून पाचापेक्षा कमी संख्या असेल तर ती वेगळी दाखवूच नये, "पाचाहून कमी" एवढं लिहावं. एकदा का एका मुलाची गोष्ट बाहेर फुटली, की त्या शाळेत पुढची तीन वर्षं कुणी तोंड उघडत नाही.

याला एक अपवाद कायद्यानंच केलेला आहे. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, समुपदेशकालाही आणि शिक्षकालाही. "शाळेची बदनामी नको" हे कारण तिथे चालत नाही. चांगला समुपदेशक ही गोष्ट मुलाला पहिल्याच भेटीत सांगून ठेवतो.

मागणी न्यायची कुठे

आता मागणीला कायद्याचं बळही आलंय. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयानं २५ जुलै २०२५ रोजी निकाल देताना देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात एका वर्षात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे, ही त्यामागची पार्श्वभूमी. सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलंय की १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेनं किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं. म्हणजे ६० पटाच्या वस्तीशाळेलाही "आमचा पट कमी" असं म्हणून सुटता येत नाही. दोन-तीन शाळा मिळून एक समुपदेशक, हा लहान गावांसाठी जास्त जमणारा रस्ता दिसतो.

पहिली ते आठवीच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात, आणि शाळा विकास आराखडा तयार करणं हे कायद्यानं तिचंच काम आहे. बऱ्याच ठिकाणी समिती सहीपुरती उरली आहे, पण आराखड्यात समुपदेशकाची मागणी लिहायला तिला कुणी अडवू शकत नाही. मागणीसोबत एक पान जोडावं: दहा टक्क्यांहून जास्त गैरहजर मुलं किती, दाखला नेऊन पुढे नाव न नोंदवलेल्या मुली किती, निनावी प्रश्नावलीत "सांगता येईल असं कुणी नाही" म्हणणारी मुलं किती. ठराव करून त्याची प्रत केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी, आणि पोच घ्यायला विसरू नये. हायस्कूलच्या बाबतीत हेच काम पालक-शिक्षक संघातून करता येतं. राज्यात २०२२ पासून शाळांमध्ये सखी सावित्री समिती नेमायची आहे, मुलींच्या सुरक्षिततेचे आकडे तिच्याकडूनही मागता येतील.

तोवर ज्या घरात आज अडचण आहे त्यांनी ठरावाची वाट बघू नये. मनावरच्या ताणासाठी केंद्र सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर २४ तास चालू असते, मराठीतही बोलता येतं. मूल संकटात असेल, त्याला मारहाण होत असेल किंवा लहान वयात लग्न ठरत असेल, तर चाइल्ड हेल्पलाइन १०९८. हे दोन्ही नंबर मुलांनाही माहीत असायला हवेत, फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवले तरी चालतील.